पट पाहायला समुद्रापार

वरूड म्हटलं की महाराष्ट्राला संत्रं आठवतं. त्यात वावगं काही नाही. रेल्वेनं आमच्या स्टेशनाचं नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ ठेवलंय, आणि नरखेड-बडनेरा मार्गावरून जाणारा परका माणूस ती पाटी पाहून खिडकीबाहेर डोकावतोच. पण आंबिया बहराची तोड आटोपत आली, पऱ्हाटीचा शेवटचा वेचा घरात आला, की वरूड-मोर्शीच्या कास्तकाराच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू होतं. पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, कुठं भरणार, कोणाची जोडी तयार आहे, कोणाचा गोऱ्हा यंदा पहिल्यांदा छकड्याला जुंपणार, याच्या गप्पा चहाच्या टपरीवर अशा रंगतात की संत्र्याचा भावही मागं पडतो.

मी जोडीचा मालक नव्हे. आमच्या घरी बैल होते ते बंडीचे आणि वखराचे, पटाचे नव्हते. पटाच्या बैलाचा थाट वेगळा. त्याला औताला जुंपायचं नाही, ढेप आणि सरकी मोजून द्यायची, सकाळ-संध्याकाळ फिरवायचं, अंगावरून हात फिरवत मालिश करायची. त्यासाठी पैसा लागतो आणि घरच्यांची सहनशक्ती त्याहून जास्त. म्हणून मी आयुष्यभर बांधावर उभा राहून पाहणाराच राहिलो. पण पाहणाऱ्यालाही व्यसन लागतं. ते मला तळेगाव दशासरला लागलं आणि त्यानं पुढं मला पार इंडोनेशियातल्या सुमात्रा-मदुरा बेटांपर्यंत फिरवून आणलं.

तळेगाव दशासर म्हणजे धामणगाव रेल्वे तालुक्यातलं. नागपूर-अमरावती रस्त्यावरचं आष्टीजवळचं तळेगाव ते श्यामजीपंत, ते हे नव्हे. चुकून तिथं उतरलात तर बैल दिसतील, पट दिसणार नाही. वरूड अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, तळेगाव दक्षिणेकडं, म्हणजे आम्हाला अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो. तिथला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास भरतो. लोक नुसते अमरावतीतून नाही, यवतमाळ, वर्धा, नागपूर आणि मध्य प्रदेशातूनही जोड्या घेऊन येतात.

ज्यानं पट पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. जोडीच्या मागं असतो छकडा. दोन चाकं, बसायला जेमतेम जागा आणि वजन जितकं कमी करता येईल तितकं कमी केलेलं. त्यावर धुरकरी बसतो म्हणायचं, खरं तर लटकतो. स्पीडवे नावाच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत चार जण मातीच्या गोल पट्टीवर चार फेऱ्या मारतात आणि त्यांच्या गाडीला ब्रेकच नसतो. छकड्यालाही नसतो, पण पट्टी सरळ असते, एवढाच काय तो दिलासा. काही पटांत दोन जोड्या शेजारीशेजारी सुटतात, काही ठिकाणी एकटी जोडी घड्याळाशी झुंजते. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर जातो. पूर्वी पंचांच्या हातातल्या घड्याळावरून भांडणं व्हायची, आता यंत्र लागलं आहे, तरी भांडणं व्हायची ती होतातच. जोडी सुटल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ एवढा थोडा की शेजारच्यानं तंबाखू मागितली म्हणून मान वळवली तर सगळंच हुकतं.

वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना गावळाऊ जातीचा बैल आहे. पांढरा, राखी झाक असलेला, लांबट तोंडाचा, कातीव अंगाचा. भोसल्यांच्या काळात लष्कराचं सामान जलद वाहून नेण्यासाठी ही जात नावाजलेली होती, असं जुने इंग्रज अधिकारी लिहून गेलेत. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगेजवळ हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे. आता ही जात कमी होत चालली, ट्रॅक्टरनं तिचं काम काढून घेतलं. अशा वेळी शुद्ध गोऱ्हा जपायची गरज ज्याला पडते तो बहुतेक वेळा पटवालाच असतो. पटाच्या विरोधकांनी हा मुद्दा विचारात घ्यावा असं मला वाटतं. अर्थात पटवाल्यांनीही विरोधकांचे काही मुद्दे घ्यायला हवेत, त्यावर पुढं येतो.

तळेगावच्या पटाचं खरं वैशिष्ट्य मात्र वेगळं आहे. तिथं एक दिवस बायकांचा असतो. धुरकरी बाई. डोक्यावर पदर किंवा फेटा, हातात कासरा, आणि जोडी सुटली की बांधावरचे म्हातारे उभे राहून टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे हौसेखातर असेल. पण त्यातल्या कित्येक जणी रोज वावरात बैल हाकणाऱ्या, बंडी जुंपणाऱ्या. बैल त्यांचा आवाज ओळखतो. मी नंतर बऱ्याच ठिकाणी शर्यती पाहिल्या, पण कासरा बाईच्या हाती देणारं मैदान मला दुसरीकडं दिसलं नाही.

पूर्वेला झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धान पिकवणाऱ्या भागात पटाचा थाट आणखी निराळा. तिथं दिवसा पट आणि रात्री नाटक. गावात पट असला की पाहुणे मुक्कामाला येतात, लेकी माहेरी येतात, आणि त्यांच्या करमणुकीसाठी रात्रभर नाटक चालतं. झाडीपट्टी रंगभूमी म्हणून आज जिचं कौतुक होतं ती मोठी झाली अशाच मुक्कामांवर. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या मंडळ्यांचं माहेर. हंगामात तिथल्या रस्त्यावर नाटक मंडळ्यांची कार्यालयंच्या कार्यालयं दिसतात. मी दोन्ही पाहिलं. दुपारी धुळीत बसायचं, संध्याकाळी पाहुण्याघरी भात-वरण खायचं आणि रात्री घोंगडी पांघरून नाटकाला. सकाळी उठल्यावर कुठला बैल पहिला आला ते आठवायचं नाही, पण खलनायकाचं भाषण आठवायचं.

मग 2014 आलं. त्या वर्षी 7 मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. त्याच्या मुळाशी केंद्राची 2011 ची एक अधिसूचना होती. सिंह, वाघ, अस्वल, माकड यांच्या जोडीला बैलाचंही नाव ‘खेळ करून दाखवायला बंदी असलेल्या’ प्राण्यांच्या यादीत गेलं. आमच्याकडं लोकांना आधी हे खरंच वाटलं नाही. पोळ्याला ज्याला पुरणपोळी खाऊ घालतो त्याचं नाव वाघासोबत कसं, हा प्रश्न मला कित्येकांनी विचारला. पण पट थांबले. पटाच्या जोड्या विकल्या गेल्या, काही निव्वळ खुंट्याला उभ्या राहून थकल्या. तळेगावचं मैदान जानेवारीत रिकामं राहिलं.

माझा भाचा त्या वेळी जावा बेटावर, एका कापड गिरणीत कामाला होता. इंडोनेशियात सूत आणि कापडाच्या गिरण्यांत भारतीय लोक बरेच आहेत. पऱ्हाटीच्या वऱ्हाडातला पोरगा तिकडं जाऊन सूत काढतो यात मला फार नवल वाटत नव्हतं. एका फोनवर तो म्हणाला, “मामाजी, तुमचा पट बंद झाला म्हणून जीव काहून जाळता? इकडे या. इथं अजून पयतात बैलं.”

मी गेलो. वरूडात सांगितलं की मदुरेला चाललो, तर अर्ध्या लोकांनी मीनाक्षीच्या देवळाचा प्रसाद आणायला सांगितला.

आधी आम्ही सुमात्राला गेलो. जकार्ताहून विमानानं पाडांगला, तिथून मोटारीनं डोंगरात. वाटेत लेंबाह अनाई नावाचा धबधबा रस्त्याला इतका खेटून आहे की गाडीच्या काचेवर तुषार येतात. वर चढलं की मिनांगकाबाऊ लोकांचा मुलूख लागतो. घराची छपरं दोन्ही टोकांना वर उचललेली, म्हशीच्या शिंगांसारखी. तिथली गोष्ट सांगतात ती अशी: जावाच्या राजानं चढाई केली तेव्हा रक्तपात टाळायला दोन म्हशींची झुंज ठरली. जावावाल्यांनी भला थोरला रेडा आणला. इकडच्यांनी उपाशी ठेवलेलं एक वासरू आणलं आणि त्याच्या नाकाला लोखंडी टोक बांधलं. वासरू दूध प्यायला रेड्याच्या पोटाखाली घुसलं आणि खेळ संपला. या लोकांत घर आणि शेत मुलीकडं जातं, मुलाकडं नाही. मुसलमान समाज आणि मातृवंशी वारसा, दोन्ही शतकानुशतकं एकत्र नांदतायत.

तिथल्या तानाह दातार जिल्ह्यात भात कापून झाला की ‘पाचू जावी’ भरतो. ठिकाण पाळीपाळीनं बदलतं. मारापी नावाचा ज्वालामुखी मागं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि त्यातलं एक पाणी भरलेलं चिखलाचं खाचर. छकडा नाही, चाक नाही. दोन बैलांच्या मध्ये लाकडी औताचा तुकडा, त्यावर अनवाणी उभा धुरकरी, आणि त्याच्या दोन हातांत दोन बैलांच्या शेपट्या. कासरा नाही. वेग वाढवायचा झाला की तो शेपटी दातानं चावतो. मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं, खरंच चावतो. चिखलाचा फवारा डोक्याएवढा उडतो, धुरकरी बैलांसकट अदृश्य होतो आणि दुसऱ्या टोकाला कधी उभा, तर कधी पोटावर घसरत बाहेर येतो.

मी भाच्याला विचारलं, पहिला कोण आला? त्यानं बाजूच्या माणसाला विचारलं. तो माणूस हसला. इथं कोणी पहिला येतच नाही. जोड्या एकामागून एक सुटतात, शेजारी कोणी नसतं, घड्याळ लावलेलं नसतं, बक्षीस नसतं. मग एवढे लोक काय पाहतात? ते पाहतात बैल सरळ जातो का. जोडीतला एक जण डावीकडं ओढतो आणि दुसरा उजवीकडं, अशी जोडी कितीही जोरात पळाली तरी तिला मान नाही. दोघं एका चालीनं सरळ रेषेत गेले तर त्याच बांधावर गिऱ्हाईक उभं राहतं आणि बैलाची किंमत वर जाते. म्हणजे तो पटही आहे आणि बैलबाजारही. आमच्याकडं जोडी पट्टी सोडून लोकांत घुसते आणि माणसं जखमी होतात, ही बातमी दर हंगामात असते. सरळ धावण्याला गुण दिले असते तर यातलं बरंचसं टळलं असतं.

जेवणाची पंचाईत होईल असं घरच्यांना वाटत होतं. पाडांगच्या खाणावळीत बसलं की न मागता टेबलभर बश्या येतात, ज्याला हात लावाल त्याचेच पैसे. बैलाच्या शर्यतीहून आल्यावर मला बैलाच्या मटणाची बशी नको होती. ती बाजूला सारून फणसाची रस्साभाजी मागवली. नारळाचं दूध आणि मिरची दोन्ही सढळ हातानं. राजुरा बाजारच्या मिरचीवर वाढलेल्या माणसाला ती तिखट वाटली नाही, पण चव मात्र लक्षात आहे.

मदुरा हे वेगळं प्रकरण. जावाच्या पूर्व भागात सुराबाया शहर, त्याच्यासमोर हे लांबट, कोरडं बेट. दोन्हींना जोडणारा सुरामादू पूल 2009 मध्ये सुरू झाला. लांबी साडेपाच किलोमीटरच्या जवळपास. पूल उतरलं की हिरवा जावा मागं पडतो आणि वऱ्हाडाच्या उन्हाळ्यासारखा मुलूख सुरू होतो. जमीन उथळ, पाणी कमी, तंबाखूची शेतं, किनाऱ्याला मिठागरं. इंडोनेशियात मदुरेला मिठाचं बेट म्हणतात. पामेकासानला पोचायला अडीच-तीन तास लागले. ‘करापान सापी’ या मदुरेच्या बैलशर्यतीची अंतिम फेरी त्या वर्षी तिथं होती, ती बहुधा ऑक्टोबरात असते. बांकालान, सांपांग, पामेकासान आणि सुमेनेप या चारही भागांतल्या निवडक जोड्या येतात आणि बक्षीस राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं असतं. या शर्यतीला त्या देशात एवढा मान आहे की नव्वदच्या दशकातल्या शंभर रुपयाच्या नाण्यावर ‘करापान सापी’ची जोडी कोरलेली होती. भाच्यानं मला बाजारातून एक नाणं मिळवून दिलं. रुपया म्हणजे तिथलाही रुपयाच.

मदुरेचा बैल लहानखुरा, तांबूस, गुळगुळीत. जंगली बांतेंग आणि आपल्याकडच्यासारखा वशिंडाचा बैल यांच्या संकरातून ही जात तयार झाली असं जाणकार सांगतात. गावळाऊशेजारी उभा केला तर पोरगेला वाटेल, पण पळायला लागला की बोलती बंद. शर्यतीआधी त्याला कच्ची अंडी, मध आणि जडीबुटीचा काढा पाजतात. आदल्या रात्री मालक, त्याचे भाऊबंद आणि शेजारी बैलाजवळ जागतात. हे वाचून तळेगावला मुक्काम केलेल्या कोणालाही ओळखीचं हसू येईल.

सकाळी मैदानात आधी मिरवणूक. बैलांच्या अंगावर झुली, कपाळावर सोनेरी पट्ट्या, गळ्यात घुंगरं, पुढं सारोनेन नावाचं वाद्यपथक. त्यातलं मुख्य वाद्य आपल्या सनईच्या जवळचं, आवाज मात्र जास्त चिरका. बैलांच्या पोळ्याची मिरवणूकच ती, फक्त डफडं नव्हतं. मिरवणूक झाली की सगळा साज उतरवतात आणि जोडीच्या मागं लाकडाची घसरगाडी बांधतात. तिला चाकं नाहीत. ती जमिनीवर घासत जाते आणि तिच्यावर उभा असतो एक पोरगा. दहा-बारा वर्षांचा म्हणा, कारण वजन कमी हवं. जोडी सोडणं हे एकट्याचं काम नाही. कोणी वेसण धरून ठेवतो, कोणी मागून ढकलतो, कोणी ओरडतो. प्रत्येकाच्या कामाला वेगळं नाव आहे. निशाण खाली आलं की सगळे बाजूला उडी मारतात. साधारण शंभर मीटरच्या पट्टीवर दहा-बारा सेकंदांत खेळ खलास.

एका गोष्टीनं मला जिंकलं. पहिल्या फेरीत दोन-दोन जोड्या पळाल्या, त्यातल्या जिंकलेल्या एका गटात गेल्या आणि हरलेल्या दुसऱ्या गटात. पुढं जिंकलेले जिंकलेल्यांशी पळाले आणि हरलेले हरलेल्यांशी. शेवटी दोन्ही गटांना स्वतंत्र पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक. म्हणजे पहिल्याच फेरीत पडलेला माणूस बैल टेम्पोत चढवून दुपारी घरी जात नाही. त्यालाही संध्याकाळपर्यंत काहीतरी हाती लागायची आशा असते आणि मैदान शेवटपर्यंत भरलेलं राहतं. आमच्या आयोजकांनी हे उचलायला हरकत नाही, खर्च फक्त आणखी एका ढालीचा.

पण मदुरेत दुसरं जे पाहिलं ते मी वरूडला परत येऊन बऱ्याच लोकांना सांगितलं. तिथं पोरांच्या हातात खिळे ठोकलेली फळी असते. रेकेंग म्हणतात. बैलाच्या पुठ्ठ्यावर ती ओढली की रक्त निघतं. शर्यत संपल्यावर मागून पाहिलं तर बैलाच्या पुठ्ठ्याची चाळण. कोणी त्यावर औषध लावत होतं, कोणी फोटो काढत होतं. तिथल्या उलेमांनी यावर उघड टीका केली होती, आणि 2013 च्या सुमारास खिळ्यांशिवाय, साध्या चाबकानं हाकायच्या शर्यती वेगळ्या भरवायला सुरुवात झाली. पण जुन्या मालकांना त्या पटेनात. मला त्या फळीवरून आमची आर लावलेली तुतारी आठवली. शेपटी पिरगळणं, कान धरून ओढणं, सगळं मी बांधावरून वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि त्यातलं काही मला कधी खटकलं नव्हतं. परक्या बेटावर, परक्या बैलाच्या अंगावर रक्त पाहिल्यावर मात्र न्यायालयाच्या निकालाकडं वेगळ्या नजरेनं पाहावं लागलं. सुमात्रात बैल चावून हाकतात, तेही बैलाच्या दृष्टीनं सुखाचं नसणारच, पण खिळ्याच्या मानानं दाताचं माप कितीतरी लहान.

परतल्यावर मंगळूरला जायचं ठरवलं. कर्नाटकानं 2017 मध्ये कायदा दुरुस्त करून कंबळा, म्हणजे चिखलातली रेड्यांची शर्यत, पुन्हा सुरू केला होता. महाराष्ट्रानंही त्याच वर्षी तसाच कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली, त्यामुळं त्यांचे रेडे पळू लागले आणि आमचे बैल उभेच राहिले. मुंबईहून कोकण रेल्वेनं मंगळूर सोपं पडतं. नोव्हेंबर ते मार्च हा तिथला हंगाम. चिखलपाण्याच्या दोन समांतर पट्ट्या असतात, त्यांना कोटी-चेन्नया, लव-कुश अशी जोडनावं. रेडे तेलानं काळेभोर चमकतात, त्यांना हुलगे खाऊ घालतात, आणि श्रीमंत मालकांनी आपल्या रेड्यांसाठी पोहण्याचे तलाव बांधलेत. रात्रभर दिव्यांत शर्यती चालतात.

कंबळ्यात चार-पाच प्रकार आहेत. एकात धुरकरी रेड्यांच्या मागं अनवाणी धावतो. 1 फेब्रुवारी 2020 ला ऐकळच्या कंबळ्यात श्रीनिवास गौडा हा बांधकाम मजूर असा धावला की 142.5 मीटर 13.62 सेकंदांत पार झाले. लगेच कोणीतरी त्याचे शंभर मीटरचे 9.55 सेकंद काढले आणि देशभर त्याची तुलना उसेन बोल्टशी सुरू झाली. क्रीडा प्राधिकरणानं चाचणीला बोलावलं. त्यानं नम्रपणे नकार दिला, मला चिखलातच बरं म्हणाला. शहाणा माणूस. रेडे ओढत असतात तेव्हा माणसाचा वेग अर्धा रेड्यांचा असतो, हे कंबळेवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

मला मात्र भावला तो केने हलगे. इथं वेग मोजतच नाहीत. धुरकरी एका भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर एक पाय ठेवून उभा राहतो. रेडे पळाले की त्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं वर उडतं. पट्टीवर उंच आडवी पांढरी कापडपट्टी बांधलेली असते. पाणी तिथवर पोचलं, कापड भिजलं, की जिंकलात. लोक मान वर करून पाण्याकडं पाहत असतात, रेड्यांकडं कोणाचं लक्षच नसतं.

पुणे जिल्ह्यातला बैलगाडा शर्यतीचा घाटही पाहिला. खेड तालुक्यात निमगाव खंडोबाला चढाची पट्टी, चार बैलांचा गाडा, गाड्यात माणूस नाही आणि पुढं घोडी पळवणारा स्वार. घोडीमागं बैल चढ चढत सुसाट जातात. भारी असतं. पण बंदी उठल्यावर तिकडं जेसीबी, बोलेरो आणि ट्रॅक्टरची बक्षिसं लागली आणि बैलापेक्षा बक्षिसाचीच चर्चा जास्त ऐकली. तेवढ्यावर सोडतो.

बंदी उठली ती 16 डिसेंबर 2021 ला. सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, आणि मारहाण, टोचणी, विजेचा झटका यांवर बंदी. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावर सगळं नीट आहे. बांधावर उभं राहून पाहिलं तर काही पटांत नीट पाळलं जातं आणि काही पटांत पोलीस चहाला गेले की छोट्या काठ्या बाहेर येतात.

माझं मत स्पष्ट आहे. बैल पळतो तो सवयीनं, सोबतीच्या बैलाच्या चढाओढीनं आणि धुरकऱ्याच्या आवाजानं. आर लावून फार तर शेवटच्या पंचवीस-तीस फुटांत थोडा वेग वाढतो, आणि तेवढ्यासाठी सगळा पट पुन्हा न्यायालयात जाऊ शकतो. मदुरेत लोकांनी ऐकलं नाही तर तिथलं तिथं. आपल्याकडं आता दुसऱ्यांदा संधी मिळणार नाही. आयोजकांनी काठी दिसली की जोडी बाद, हा नियम स्वतःच पाळावा, पोलिसांची वाट पाहू नये. सरळ धावणाऱ्या जोडीला वेगळं बक्षीस ठेवावं. हरलेल्यांचा वेगळा गट ठेवावा. यात एकही गोष्ट महाग नाही.

ज्यांना पाहायला जायचं आहे त्यांच्यासाठी शेवटचं. मदुरेचा अंतिम सामना ऑक्टोबरात, पण तारीख दरवर्षी बदलते, विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारून घ्या. सुमात्रात भाताच्या काढणीवर सगळं ठरतं. कंबळ्याला डिसेंबर-जानेवारी उत्तम आणि रात्री थंडी पडते, स्वेटर न्या. एवढ्या लांब जायचं नसेल तर जानेवारीत तळेगाव दशासरला या, कापडाची टोपी आणि धुळीसाठी रुमाल सोबत ठेवा, आणि काही झालं तरी बायकांचा दिवस चुकवू नका.